किंमत विचारण्याची लाज

आमच्या सुशिक्षित समाजांत कांहीं प्रश्न असे आहेत कीं, ते विचारणारा मनुष्य उत्तर मिळण्यापूर्वींच दोषी ठरतो. घटस्फोटाच्या वेळीं राहत्या घराची किंमत विचारणें हा त्यांपैकींच एक होय. विवाह मोडतात ही गोष्ट समाज आतां, कुरकुरत कां होईना, पण सहन करूं लागला आहे. मुलें कोणाकडे राहावयाचीं, पोटगी किती, दागिने कोणाचे, या प्रश्नांचा खल करण्यास दोहींकडील वडील मंडळी बैठकीस बसतात आणि त्यांत कोणास कांहीं गैर वाटत नाहीं. परंतु मुलीनें, किंवा तिच्या वतीनें तिच्या भावानें, "या फ्लॅटची आज किंमत काय येते, तें एकदां काढून घेऊं," असें म्हणतांच बैठकीचा रंग पालटतो. "म्हणजे शेवटीं गोष्ट पैशावरच आली!" असा उद्गार निघतो, आणि तो सासरच्यांच्याच तोंडून निघतो असें नाहीं, पुष्कळदां मुलीचे वडीलच तो काढतात. आपण घरंदाज माणसें, भिंतींना भाव लावीत बसणें आपल्याला शोभत नाहीं, असें सांगून ते मुलीला उठवितात. मुलगी हक्कसोडीच्या कागदावर सही करते आणि अब्रू संभाळल्याच्या समाधानांत भाड्याच्या दोन खोल्यांत राहावयास जाते.

या समाधानाविरुद्ध हा लेख आहे. आमचें म्हणणें असें कीं, किंमत विचारण्यांत अशिष्टपणा नाहीं. असलाच तर तो किंमत विचारूं न देण्यांत आहे. हिशेब टाळण्यास आपण खानदानीपणा म्हणतों. परंतु टाळलेल्या हिशेबाचा लाभ बहुधा एकाच बाजूस होतो, आणि ती बाजू म्हणजे ज्याच्या नांवावर खरेदीखत आहे ती.

घराची किंमत करणें हें हलकेपणाचें कृत्य असेल, तर तें करणारांची यादी फार लांब होईल. कर्ज देण्यापूर्वीं बँक आपला मूल्यांकनकार घरीं पाठविते. खत नोंदवितांना दुय्यम निबंधक सरकारी दरांचा तक्ता उघडतो. विमा उतरवितांना किंमत लागते. सोसायटी पुनर्विकासाला निघाली कीं एरव्हीं सभेस न फिरकणारे सभासदही चौरस फुटाचा भाव तोंडपाठ म्हणूं लागतात. मुलाला शिक्षणासाठीं परदेशीं पाठवितांना वडील हेंच घर तारण ठेवितात, आणि त्याची किंमत किती आली हें नातेवाइकांस मोठ्या अभिमानानें सांगतात. या कोणालाही घराविषयीं प्रेम नाहीं असें आपण म्हणत नाहीं. फक्त जिनें त्या घरांत वीस वर्षें संसार चालविला, तिनेंच काय तें विचारावयाचें नाहीं! ही शिष्टपणाची कल्पना कोणाच्या सोयीची आहे, हें सांगण्यास फारसें पांडित्य लागत नाहीं.

आतां कायद्याकडे पाहूं. कारण "कायदा आहे ना, तो काय तें बघून घेईल," या भरंवशावर आपल्यापैकीं पुष्कळ जण स्वस्थ आहेत. हिंदु स्त्रीपुरुषांस घटस्फोटाचा अधिकार एका दिवसांत मिळाला नाहीं. बडोदे संस्थानानें तो १९३१ सालीं दिला, मुंबई इलाख्यानें १९४७ सालीं, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तो बहुतेक सर्व देशास लागू झाला. त्या काळच्या सुधारकांपुढें प्रश्न होता तो बंद दार उघडण्याचा. दार उघडलें, पण त्या दारांतून बाहेर पडणाऱ्या बाईच्या हातांत काय असावें, याचा विचार अर्धाच राहिला. १९५५ च्या कायद्याच्या २५ व्या कलमांत कायमच्या पोटगीची तरतूद आहे. मालमत्तेविषयीं २७ वें कलम आहे. परंतु त्याचा आवाका किती लहान आहे पाहा. विवाहाच्या वेळीं अगर त्या सुमारास भेट म्हणून आलेली, आणि दोघांच्या सामाईक मालकीची असूं शकेल अशी जी मालमत्ता, तिच्यापुरतीच न्यायालयानें हुकुमनाम्यांत व्यवस्था लावावी, एवढेंच तें सांगतें. म्हणजे आहेरांत आलेल्या भांड्यांचा निकाल लावण्यास या कायद्यांत कलम आहे. विवाहानंतर वीस वर्षें राबून उभ्या केलेल्या घराची वाटणी करण्यास नाहीं.

१९८४ च्या कायद्यानें कुटुंब-न्यायालयें स्थापन झालीं आणि पति-पत्नींच्या मालमत्तेचे दावे तेथें चालूं लागले, हें खरें. परंतु दावा कोठें चालावा हें ठरल्यानें कोणाचें काय हें ठरत नाहीं. घर एकाच्याच नांवावर असेल, तर सामान्यतः तें त्याचेंच. दोघांच्या नांवावर असेल आणि हिस्से खतांत लिहिलेले नसतील, तर १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतर कायद्याचें ४५ वें कलम पुढें येतें. दोघांनीं आपआपल्या वेगळ्या पैशांतून किंमत दिली असेल, तर ज्यानें जितकी दिली तितक्या प्रमाणांत त्याचा हिस्सा. पुरावाच नसेल तर हिस्से सारखे धरावे, असा त्याचा आशय आहे. दोन व्यापाऱ्यांनीं मिळून गोदाम घेतलें तर हा नियम उत्तम आहे. पण संसारांतला पैसा गोदामाच्या पैशासारखा वाहत नाहीं.

एक कल्पित उदाहरण घेऊं आणि आंकडे मुद्दाम सोपे ठेवूं. पुण्यांतील एका जोडप्यानें २००५ सालीं वीस लाखांचा फ्लॅट घेतला. पंधरा लाख बँकेचें कर्ज, तीन लाख नवऱ्याची शिल्लक, आणि दोन लाख बायकोचे दागिने मोडून आलेले. कर्जाचा हप्ता महिना पंधरा हजार. तो नवऱ्याच्या पगारांतून जाई. बायको शाळेंत शिक्षिका. तिच्या पगारांतूनही महिना पंधरा हजारच घरांत येत, पण ते किराणा, दूध, भाजी, मुलांच्या शाळेची फी, सासूबाईंचीं औषधें आणि गणपति-दिवाळीचा खर्च यांत जात. ही विभागणी कोणीं कपटानें केली नव्हती. हप्ता एकाच खात्यांतून कापला जाणें सोयीचें, आणि भाजीवाल्याशीं रोजचा व्यवहार बाईचा, म्हणून ती आपोआप पडली. आणि आपल्या हजारों घरांत ती अशीच पडलेली आहे. वीस वर्षांनीं कर्ज फिटलें. दोघांनींही प्रत्येकीं छत्तीस लाख रुपये संसारांत घातले. परंतु भाजी खाऊन संपली, आणि हप्ता भिंतींत राहिला. नवऱ्याच्या छत्तीस लाखांचा बँकेजवळ महिनेवार पुरावा आहे. बायकोच्या छत्तीस लाखांचा पुरावा म्हणजे वाढलेलीं मुलें, आणि तीं कोणत्याही न्यायालयांत पावती म्हणून दाखल होत नाहींत.

आतां विवाह मोडला आणि मूल्यांकनकारानें फ्लॅटची किंमत एक कोटि रुपये ठरविली. बायकोच्या वांट्यास काय येईल? खत एकट्या नवऱ्याच्या नांवावर असेल, तर मालकी म्हणून शून्य. आणि नवरा भला असेल, तर दागिन्यांचे दोन लाख "परत". खत दोघांच्या नांवावर असेल आणि नवऱ्यानें बँकेचें पुस्तक पुढें केलें, तर मूळ विसांपैकीं दोन लाख तिचे, म्हणून दहावा हिस्सा, म्हणजे दहा लाख. आणि तेही दागिने मोडल्याची सोनाराची पावती वीस वर्षें कोणी जपली असेल तर. विवाहकाळांत मिळविलेलें सर्व दोघांचें, असा नियम असेल, तर पन्नास लाख. फ्लॅट तोच, मूल्यांकनकार तोच, कोटीचा आंकडाही तोच. पण बाईच्या हातांत दोन लाख येतात, दहा येतात कीं पन्नास येतात, हें मूल्यांकनापूर्वींच ठरून गेलेलें असतें. म्हणून "घराची योग्य किंमत काढली कीं न्याय झाला," असें मानणारे सज्जनही अर्धीच गोष्ट पाहतात. किती हा प्रश्न खरा. पण कशाचा भाग किती, हा त्याहून आधींचा आहे. दागिन्यांचे दोन लाख परत करून आपण फार औदार्य केलें असें समजणाऱ्या गृहस्थास एवढेंच विचारावें कीं, घराची किंमत वीस वर्षांत पांचपट झाली ती केवळ आपल्याच पैशाच्या पायगुणानें काय?

जी स्त्री नोकरी करीत नाहीं तिची स्थिति याहून वाईट. सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग-पाहणींत असें आढळलें कीं, घरचें बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें घालवितात; असें काम करणारे पुरुष ९७ मिनिटें, आणि मुळांत तें करणारे पुरुषच थोडे. या कामास किंमत लावतांच येत नाहीं, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. मोटार-अपघातांत गृहिणी मृत्यु पावली तर नुकसानभरपाईसाठीं न्यायालयें तिच्या कामाची किंमत करीत आलीं आहेत. २०२१ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें एका अपघाताच्या दाव्यांत गृहिणीसाठीं मानीव उत्पन्न धरण्याचें तत्त्व पुन्हां विस्तारानें मांडलें, आणि त्यांत याच पाहणीचा आधार घेतला. म्हणजे बाई रस्त्यावर मेली तर तिच्या कामाला किंमत आहे. ती जिवंत राहून घराबाहेर पडली तर नाहीं! २०२३ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें मात्र असें म्हटलें कीं, नवरा कमावूं शकतो तो बायको घर संभाळते म्हणून. तेव्हां त्या कमाईंतून घेतलेल्या मालमत्तेंत तिचा समान हिस्सा आहे. निर्णय स्तुत्य आहे. पण एका उच्च न्यायालयाचा एक निर्णय म्हणजे देशाचा कायदा नव्हे.

हिस्सा मान्य झाला तरी झगडा संपत नाहीं; कारण किंमत हा शब्द एकवचनी असला तरी वस्तु एकवचनी नाहीं. एकाच फ्लॅटच्या निदान तीन किंमती असतात. पहिली सरकारी तक्त्यांतली, जिला लोक रेडी रेकनरचा दर म्हणतात. ती मुद्रांकशुल्कासाठीं केलेली असते. त्या भागाची सर्वसाधारण पातळी ती सांगते, पण फ्लॅटला ऊन येतें कीं शेजारची भिंत दिसते, हें तिला ठाऊक नसतें. दुसरी बँकेची, तिच्यांत उद्यां घाईनें विकावें लागलें तर काय येईल, ही धास्ती मिसळलेली असते. तिसरी बाजाराची, ती त्याच इमारतींत किंवा शेजारीं अलीकडे झालेल्या नोंदणीकृत विक्रींवरून काढावी लागते. त्यांतही क्षेत्रफळाचा घोळ. २०१६ च्या स्थावर-संपदा कायद्यानें विक्री कार्पेट क्षेत्रफळावर बांधली. पण जुन्या खतांत बिल्ट-अप आणि जाहिरातींत सुपर बिल्ट-अप नांदत असतें, आणि एकाचा दर दुसऱ्याच्या फुटांना लावला कीं लाखांचा फरक पडतो. मग तारीख कोणती? वेगळे झाले ती, अर्ज केला ती, कीं निकाल लागला ती? जुन्या सोसायटीनें पुनर्विकासाचा करार करण्याच्या आधींचा भाव एक आणि नंतरचा दुसरा. अशा सोसायटींतील कित्येक घटस्फोटांची घाई किंवा दिरंगाई या एका गोष्टीवरून उलगडते.

या गोंधळांत दोन्ही पक्ष आपआपला मूल्यांकनकार आणतात. ज्याला द्यावयाचें आहे त्याच्या मूल्यांकनकारास भिंतीची ओल दिसते. जिला घ्यावयाचें आहे तिच्या मूल्यांकनकारास येऊं घातलेली मेट्रो दिसते. दोघेही १९५७ च्या संपत्ति-कर कायद्याखालीं रीतसर नोंदलेले असतात (तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पानें उठला, पण मूल्यांकनकारांची नोंदणी टिकली), दोघांच्याही अहवालांवर शिक्के असतात, आणि दोघेही खोटें बोलत असतात असें नव्हे. पैसे देणाऱ्यानें ज्या खिडकीशीं उभें केलें तेथून जें दिसतें तें ते लिहितात. शिवाय ज्याच्या हातीं किल्ली आहे तो दुसऱ्याच्या मूल्यांकनकारास आंत येऊं देत नाहीं, आणि मग त्या बिचाऱ्यास जिन्यांतून घराचा अंदाज बांधावा लागतो. घर सोडून माहेरीं गेलेल्या बाईला ही अडचण विशेष भोंवते.

येथें आक्षेपकांचें म्हणणें ऐकून घेणें प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा कीं, पोटगी आहे, मग घरांत हिस्सा कशाला? पोटगी ही गरज पाहून दिली जाते आणि हिस्सा हा हक्क पाहून. पोटगी घेणारी अर्जदार असते; हिस्सा घेणारी मालक असते. आणि पोटगीच ठरवावयाची म्हटली तरी २५ वें कलम उत्पन्नाबरोबर उभयतांची इतर मालमत्ता पाहावयास सांगतें. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोघांनींही मालमत्तेचें आणि देण्याचें प्रतिज्ञापत्र दाखल करावें असें ठरवून दिलें आहे. तेव्हां घराची किंमत टाळून पोटगीही नीट ठरत नाहीं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें स्त्रीला सामाईक घरांत राहण्याचें संरक्षण दिलें, हेंही कोणी पुढें करतात. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. छपराखालीं उभें राहूं देणें निराळें आणि छपरांत वांटा देणें निराळें.

दुसरा आक्षेप: "स्वयंपाक, मुलें, म्हाताऱ्यांची सेवा हें प्रत्येक बायको करतेच; त्यांत विशेष तें काय?" हा युक्तिवाद आपल्याकडचाच आहे असें नाहीं. कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत आयरीन मर्डॉक या बाईनें नवऱ्याच्या गुरांच्या रानावर कित्येक वर्षें गवत कापण्यापासून ट्रक चालविण्यापर्यंत सर्व कामें केलीं. विवाह मोडल्यावर तिनें मालमत्तेंत वांटा मागितला. १९७३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो नाकारला. अशीं कामें रानावरची कोणतीही बायको करतेच, असें खालच्या न्यायालयानें धरलें होतें, तें कायम झालें. त्या निकालानें देशभर इतका क्षोभ उसळला कीं पुढील कांहीं वर्षांत तेथील प्रांतांनीं आपले कायदे बदलले. इंग्लंडांत १९७३ च्या कायद्यानें घर संभाळण्याच्या कामाची दखल घेण्यास न्यायाधीशास सांगितलें, आणि २००० सालीं व्हाइट पति-पत्नींच्या खटल्यांत तेथील वरिष्ठ न्यायपीठानें, मिळविणारा आणि घर संभाळणारी यांत डावेंउजवें करूं नये, असें स्पष्ट केलें. प्रत्येक जण करतो म्हणून एखाद्या कामाची किंमत शून्य होत नाहीं. तसें असतें तर प्रत्येक कारकुनाचा पगार शून्य व्हावयास हवा होता.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो हंसण्यावारी नेणें योग्य होणार नाहीं. पुष्कळ घरांत सासऱ्याच्या भविष्यनिर्वाह-निधीचे पैसे असतात. कांहीं घरें वाडवडिलांचीं असतात. कांहीं विवाह वर्षभरही टिकत नाहींत. अशा वेळीं अर्धें घर देणें हा अन्याय नव्हे काय? निश्चितच होईल. परंतु हा आक्षेप मोजणीविरुद्ध नसून मोजणीच्या बाजूचा आहे. सासऱ्याचे पैसे किती, विवाहापूर्वींचें किती, नंतरचें किती, हें वेगळें काढावयाचें तर हिशेबच करावा लागतो. शिवाय हल्लीं उलट प्रकारही दिसतो. २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें केवळ स्त्रियांच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकशुल्कांत एक टक्का सवलत दिली. ती वाचविण्यासाठीं सारा पैसा नवऱ्याचा आणि खत एकट्या बायकोचें, अशीं घरें झालीं. तीं संसार मोडल्यावर नवऱ्याला शून्यावर आणूं शकतात. नांवाचा जुलूम पुरुषावर झाला म्हणजे तो न्याय ठरत नाहीं. नांव हें सोयीनें लागतें; न्याय हा योगदानानें व्हावा, आणि योगदानांत भाजीही मोजली जावी, एवढेंच आमचें म्हणणें.

"पण एका घराचे दोन तुकडे कसे करणार?" हा शेवटचा आक्षेप. त्याचें उत्तर कायद्यानें १८९३ सालींच देऊन ठेविलें आहे. सामाईक मालमत्तेची सोईस्कर वाटणी होत नसेल आणि निदान निम्म्या हिश्श्याच्या मालकांनीं विक्री मागितली, तर न्यायालय ती विकूं शकतें. आणि दुसऱ्या हिस्सेदारास घर राखावयाचें असेल, तर न्यायालयानें हिश्श्याची किंमत ठरवून त्या किंमतीस तो त्याला द्यावा, असें त्या वाटणीच्या कायद्यांत आहे. गोमंतकांत तर याची वहिवाटच आहे. तेथें १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून, विवाहापूर्वीं वेगळा करार नसेल तर, पति-पत्नींची मालमत्ता सामाईक होते. घर विकावयाचें तर दुसऱ्याची संमति लागते. आणि घटस्फोटांत तिचे दोन समान भाग होतात. यादी करावी, किंमत लावावी, एकमत न झाल्यास हितसंबंधितांनीं आपसांत बोली करावी, जो अधिक बोलेल त्यानें घर घ्यावें आणि दुसऱ्याचा वांटा रोख भरावा, ही तेथील रीत २०१२ च्या गोव्याच्या कायद्यांतही कायम आहे. त्या व्यवस्थेंतही दोष आहेत. तेथें सगळे विवाह सुखाचे होतात असें नाहीं. पण मोडलेल्या संसाराची किंमत विचारली म्हणून पणजीच्या किंवा मडगांवच्या बाईस कोणी लोभी म्हणत नाहीं. कारण ती विचारणें हा तेथें कायद्याचाच एक टप्पा आहे. सावंतवाडीची बाई आणि पेडण्याची बाई यांच्यामध्यें एक नदी आहे; एकीला अर्धें घर आणि दुसरीला आहेराचीं भांडीं, हा भेद कोणत्या नीतिशास्त्रानें समर्थनीय ठरतो?

केंद्र सरकारनें एकदां या दिशेनें पाऊल टाकलें होतें. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेंत घटस्फोटितेस वांटा देण्याची तरतूद असलेलें विवाह-कायद्यांतील दुरुस्तीचें विधेयक २०१३ च्या ऑगस्टांत राज्यसभेनें संमत केलें. पण लोकसभेंत तें पडून राहिलें आणि २०१४ सालीं ती लोकसभा विसर्जित होतांच तेंही गेलें. त्याचें सुतक आमच्या मध्यम वर्गानें पाळल्याचें स्मरत नाहीं.

तेव्हां करावयाचें काय? आमच्या मतें तीन गोष्टी. पहिली विधिमंडळाची: विवाहकाळांत मिळविलेली मालमत्ता, वेगळा लेखी करार नसेल तर, दोघांची समजावी, वडिलोपार्जित, विवाहापूर्वींची आणि आईबापांच्या पैशाची वगळावी, आणि अल्पकाळ टिकलेल्या विवाहांत प्रमाण कमी करण्याची मुभा न्यायाधीशास असावी. दुसरी न्यायालयांची: परस्पर-संमतीच्या घटस्फोटांत हक्कसोडीची अट असेल, तर दोघांनीं मिळून नेमलेल्या एकाच मूल्यांकनकाराचा अहवाल जोडल्याशिवाय ती मान्य करूं नये. त्या अहवालांत कार्पेट क्षेत्रफळ, मूल्यांकनाची तारीख, त्याच इमारतींतील अलीकडच्या विक्री, उरलेलें कर्ज आणि पुनर्विकासाची स्थिति या पांच गोष्टी असाव्या. सोडणारीनें खुशाल सोडावें, पण काय सोडतों आहों हें कळून सोडावें. एकमत होतच नसेल, तर लहान मुलें पोळीची वाटणी करतात ती युक्ति वापरावी: एकानें किंमत सांगावी, आणि त्याच किंमतीस घ्यावयाचें कीं द्यावयाचें हें दुसऱ्यानें ठरवावें. मात्र ज्याच्याजवळ रोकड नाहीं त्याला कर्ज उभारण्यास पुरेशी मुदत द्यावी. नाहींतर या युक्तींतही धनवानाचाच जय व्हावयाचा.

तिसरी गोष्ट आपली, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या कुटुंबांची. आणि तिला ना विधेयक लागत, ना वकील. घर घेतांना दोघांचीं नांवें खतांत घाला आणि हिस्से आंकड्यांनीं लिहा. दागिने मोडले तर सोनाराची पावती खताबरोबर ठेवा. खत, इंडेक्स टू, सोसायटीचें भागपत्र आणि बँकेचा उतारा यांच्या प्रती दोघांजवळही असूं द्या. शक्य असेल तर हप्ता दोघांच्या खात्यांतून जाऊं द्या, आणि भाजीही. हा अविश्वास नव्हे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीची हांक दिली, तेव्हां महाराष्ट्रांतील अनेक खेड्यांत शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीचा तुकडा आपण होऊन बायकोच्या नांवावर करून दिला. त्यांचे संसार मोडले नव्हते. मोडावे म्हणूनही त्यांनीं तें केलें नाहीं. तिच्या घामाचें देणें आपल्या शिरावर आहे एवढें त्यांना पटलें. ज्यांना आपण अडाणी म्हणतों त्यांना जें पटलें, तें पदवीधरांस पटूं नये, ही आपल्या शिक्षणाची शोभा नव्हे.

मुलीच्या लग्नांत किती तोळे घालावयाचे याचा काटेकोर हिशेब करणाऱ्या वडिलांनीं, तिचा संसार मोडतांना मात्र हिशेबाची किळस येते असें सांगूं नये. बैठकीला बसलेल्या वडील मंडळींनीं मुलीला उठविण्याऐवजीं मूल्यांकनकाराला बोलवावें. आंकडा समोर आल्यावर तिनें उदार व्हावें कीं काटेकोर, हें तिचें तिला ठरवूं द्यावें. औदार्य दाखवावयाचें तर आपण किती देत आहों हें आधीं माहीत असावें लागतें.